कर्नल विल्यम साइक्स आणि आपल्या शिरूर-दौंडचे पक्षी, मासे, मुंग्या



परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना बाहेर नेलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. मातकट रंगाचा कोणताही लहान पक्षी दिसला की मुलं म्हणतात चिमणी. पाण्यातला कोणताही लहान मासा म्हणजे मासोळी. उडणारा बारीक किडा म्हणजे माशी. यात मुलांचा दोष नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन जीवांमध्ये फरक कसा शोधायचा, हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं. आपल्यालाही ते कोणी शिकवलेलं नसतं.

म्हणूनच आज अशा माणसाचा जीवनपरिचय देत आहे, ज्याने जवळजवळ 200 वर्षांपूर्वी आपल्याच पुणे जिल्ह्यात हे काम केलं. नाव आहे कर्नल विल्यम हेन्री साइक्स. पक्षी निरीक्षकांना हे नाव ठाऊक असतं, पण आपल्या पाठ्यपुस्तकात ते सहसा येत नाही. त्यांच्या कामातला एक मासा थेट आपल्या घोडनदीचा, म्हणजे शिरूरचा आहे. त्या माशाची गोष्ट पुढे येईलच. ती जरूर वाचा, कारण नाव चुकलं की काय होतं ते तिच्यातून कळतं.

जन्म आणि लष्करातली वर्षे

साइक्स यांचा जन्म 25 जानेवारी 1790 रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर भागात झाला. 1803 मध्ये, म्हणजे आपल्याकडची मुलं आठवीत असतात त्या वयात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात शिकाऊ अधिकारी म्हणून भरती झाले. 1805 च्या भरतपूरच्या वेढ्यात ते होते. पुढे 1817 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्यात शेवटचं युद्ध सुरू झालं. त्या काळात साइक्स दख्खनमध्येच होते. खडकीच्या आणि पुण्याच्या लढाईत त्यांनी भाग घेतला. 1819 मध्ये ते कॅप्टन झाले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी युरोपात प्रवास केला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. साइक्स हे राज्य जिंकून घेणाऱ्या कंपनीचे नोकर होते. पेशवाई गेली, आणि या नव्या मुलखात किती गावं, किती माणसं, किती जमीन, किती सारा वसूल होईल, हे कंपनीला मोजायचं होतं. साइक्स यांचं पुढचं सगळं काम या मोजणीतूनच निघालं. मुलांना त्यांची गोष्ट सांगताना ही बाजू लपवायचं कारण नाही.

मोजणीचा अधिकारी

1824 मध्ये साइक्स परत आले. तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्यांनी साइक्स यांची सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमणूक केली. आजच्या भाषेत सांगायचं तर जनगणना, कृषी, महसूल आणि हवामान या चारही खात्यांची माहिती एकट्याने गोळा करायची, असं ते काम होतं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्यांच्याकडे होते.

त्या वेळच्या प्रवासाची जरा कल्पना करा. रेल्वे नव्हती. दौंडचा आजचा भाग तेव्हा भीमथडीत मोडत होता आणि दौंडचं जंक्शन व्हायला अजून कित्येक वर्षे होती. शिरूरला मात्र इंग्रजांची लष्करी छावणी होती. घोड्यावरून गावोगाव फिरायचं, तंबू ठोकायचा, गावची कागदपत्रं पाहायची, पिकांची नावं लिहायची, तापमान आणि हवेचा दाब नोंदवायचा, असा तो दिनक्रम. आणि हे करत असताना वाटेत दिसलेला पक्षी, जाळ्यात आलेला मासा, वारुळातली मुंगी यांचीही नोंद करायची. ही शेवटची कामं कोणी सांगितली म्हणून त्यांनी केली नाहीत, आवड होती म्हणून केली.

1829 च्या अखेरीस हे पद सरकारने बंद केलं. तरी साइक्स यांनी हातातलं काम पुरं करत आणलं आणि 1831 च्या सुरुवातीला ते मायदेशी निघाले. सोबत होती कातडी, नमुने, चित्रं आणि वह्या.

एकसारखे दिसणारे पक्षी

1832 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. तिच्यात सुमारे 236 जातींचे पक्षी होते. त्यांतले 56 विज्ञानाला नवे म्हणून त्यांनी मांडले. नवे म्हणजे आपल्या लोकांना नवे नव्हेत. शेतकरी, पारधी, गुराखी यांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. फक्त शास्त्राच्या वहीत त्यांचं नाव नव्हतं.

त्यांतले काही तर आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत. दौंड भागात भीमेच्या काठी, पाटावर, उसाला पाणी सुटलेलं असताना सरीत टपून बसलेला मातकट रंगाचा बगळा पाहिलाय ना? बसला की मातीत मिसळून जातो आणि उडाला की पांढरे पंख एकदम उघडतात. तोच वंचक, काही जण त्याला ढोकरी म्हणतात. त्याचं शास्त्रीय वर्णन साइक्स यांनीच पहिल्यांदा केलं.

आता सातभाई घ्या. किलबिलाट करत सहा-सात जणांच्या टोळीने फिरणारे हे पक्षी सगळ्यांना माहीत आहेत. पण सातभाई एकाच जातीचे नसतात. साइक्स यांनी त्यांतली एक मोठी, राखी जात वेगळी ओळखली आणि तिला त्या वेळचे गव्हर्नर जॉन माल्कम यांचं नाव दिलं. ती ओळखायची खूण मुलांनाही जमते. पक्षी उडताना शेपटीकडे बघायचं. शेपटीच्या दोन्ही कडांची पिसं पांढरी दिसली तर तो मोठा राखी सातभाई. झाडीत राहणाऱ्या दुसऱ्या सातभाईच्या शेपटीला ही पांढरी किनार नसते. बसलेला असताना दोघांत गोंधळ होतो, उडाला की होत नाही.

तिसरा पक्षी चंडोल. आपल्या माळावर, डोक्यावर तुरा असलेला, हवेत उंच जाऊन गाणारा तुरेवाला चंडोल दिसतो. याला इंग्रजीत साइक्सचंच नाव आहे. साइक्स यांनी मात्र त्याच्या शास्त्रीय नावात देवा हा शब्द वापरला. पश्चिमेकडे, घाटाच्या आणि कोकणाच्या बाजूला याचा एक जवळचा भाऊबंद आहे, मलबारी चंडोल. दोघांनाही तुरा, दोघेही तपकिरी. मग ओळखायचं कसं? आपल्या माळावरचा थोडा लहान असतो, पोटाकडे तांबूस झाक असते, आणि छातीवरच्या रेघा बारीक व मोजक्या असतात. मलबारी चंडोल जरा मोठा, आणि त्याच्या छातीवरच्या काळपट रेघा ठळक व जास्त. पुणे जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिमेला एक आणि पूर्वेच्या कोरड्या माळावर दुसरा, असे दोन्ही भाऊ आपल्याच जिल्ह्यात आहेत.

चौथं उदाहरण लाव्यांचं. यावर साइक्स यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. गवतातून भुर्रकन उडणारे हे गोलमटोल पक्षी वरवर सारखे असतात, पण त्यांत दोन अगदी वेगळी घराणी आहेत. खरे लावे आणि दुर्लावे. फरक पायात आहे. लाव्याला पुढे तीन आणि मागे एक अशी चार बोटं असतात. दुर्लाव्याला मागचं बोट नसतं, तीनच असतात. पिसांच्या रंगावर जो विसंबेल तो फसेल, पायाची बोटं मोजणारा फसणार नाही. आपल्या खडकाळ माळावरच्या एका लाव्याचं शास्त्रीय वर्णनही साइक्स यांच्याच नावावर आहे.

बघा, प्रत्येक ठिकाणी खूण वेगळी आहे. कुठे शेपटीची कड, कुठे छातीवरची रेघ, कुठे पायाचं बोट. सगळ्यांना एकच खूण लावून चालत नाही. कोणत्या दोघांमध्ये निवड करायची आहे ते आधी ठरवावं लागतं, मग खूण शोधावी लागते.

अर्थात त्या काळात दुर्बीण आणि कॅमेऱ्याने हे काम होत नसे. पक्षी मारून, कातडं भरून, हातात घेऊन मोजत. आज ते करायची गरज नाही आणि कायद्याने परवानगीही नाही. मुलांना हेही सांगायला हवं.

मुंग्यांनी दिलेले धडे

1835 मध्ये साइक्स यांनी भारतातल्या मुंग्यांच्या नव्या जातींवर लेख छापला. त्यातल्या दोन हकिकती वर्गात सांगण्यासारख्या आहेत.

पहिली पुण्यातली. पावसाळ्याच्या दिवसांत परेडच्या मैदानाजवळ पडीक जमिनीवर साइक्स यांना गवताच्या बियांचे लहान लहान ढीग दिसले. एकेक ढीग मूठभर. लक्ष ठेवल्यावर कळलं की मुंग्या वारुळात साठवलेलं बी बाहेर आणून उन्हात वाळवत होत्या, आणि मग परत आत नेत होत्या. आपल्याकडे आजी ओले गहू अंगणात वाळत घालते, तसंच. आता यात विशेष काय, असं वाटेल. पण त्या काळात युरोपातले अनेक कीटकतज्ज्ञ मुंग्या धान्य साठवतात हे मानत नव्हते, कारण त्यांच्या थंड देशातल्या मुंग्या तसं करत नाहीत. जुन्या ग्रंथांतली ती एक कल्पना, असंच ते धरून चालले होते. पुण्याच्या पडीक रानातल्या या नोंदीने ती समजूत हलली. एका ठिकाणची मुंगी पाहून सगळ्या मुंग्यांबद्दल बोलू नये, हा यातला धडा.

दुसरी हकिकत घरातली. फळं आणि गोड पदार्थ ठेवलेल्या टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले होते, म्हणजे मुंगळे चढू नयेत. आपल्या घरी दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवतात, तशीच युक्ती. तरी मुंगळे यायचेच. टेबल भिंतीपासून थोडं लांब सरकवलं, तरीही आले. शेवटी साइक्स यांनी पाहिलं तेव्हा एक मोठा मुंगळा भिंतीवर टेबलाच्या वर सुमारे फूटभर चढला आणि तिथून त्याने नेमका खाऊवर अंग टाकलं. वाट शोधायची जिद्द बघा!

शिरूरचा मासा आणि हरवलेलं नाव

आता मुख्य गोष्ट. 1839 मध्ये साइक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. मुळा-मुठा, भीमा, घोड या नद्यांतले मासे त्यांत आहेत. यात त्यांची एक चांगली सवय दिसते. अनेक माशांना त्यांनी इथल्या कोळ्यांच्या तोंडचीच नावं दिली. शिंगटी, कोळस, फुलंगी ही मराठी नावं लॅटिन वळणाने जगभरच्या ग्रंथांत गेली. ती नावं सांगणाऱ्या माणसांची नावं मात्र ग्रंथांत आली नाहीत. कोळसुन या रानकुत्र्याच्या बाबतीतही त्यांनी मराठी नाव नोंदवून ठेवलं होतं.

या माशांत दोन मोठे मासे होते. एक खुद्री, पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला. हा खरा महसीर. दुसरा मुसुल्ला, शिरूरजवळच्या घोडनदीतला. दोन्ही मोठ्या खवल्यांचे, दोन्ही नदीच्या डोहात राहणारे, आणि एकाच मोठ्या कुळातले.

पुढे काय झालं ते नीट वाचा. साइक्स यांचं वर्णन थोडक्यात होतं, चित्रही एकच. मूळ मासा समोर ठेवून पाहण्याची सोय नंतरच्या अभ्यासकांना राहिली नाही. मग मुसुल्ला हाही एक महसीरच असावा असं धरलं गेलं. आणि विसाव्या शतकात हे नाव थेट दक्षिणेत, कावेरी नदीतल्या पाठीला उंचवटा असलेल्या प्रचंड महसीरला लावलं गेलं. आपल्या घोडनदीच्या माशाचं नाव शेकडो किलोमीटर लांबच्या दुसऱ्याच माशाला!

2013 मध्ये भारतीय अभ्यासकांनी जुनं वर्णन आणि मासे पुन्हा तपासले. महसीर ओळखायची एक पक्की खूण त्याच्या तोंडाजवळ असते. त्याचे ओठ जाड, मांसल असतात आणि खालच्या ओठाची घडी हनुवटीखालून मध्ये न तुटता सलग जाते. मुसुल्ला ज्या गटातला आहे त्यात ही घडी मधोमध तुटते. म्हणजे शिरूरचा मुसुल्ला महसीर नव्हताच, तो शेजारच्या गटातला मासा होता.

तुम्ही म्हणाल, ओठाच्या घडीवरून एवढं काय? पण परिणाम बघा. कावेरीतल्या उंच पाठीच्या महसीरला स्वतःचं बरोबर शास्त्रीय नावच उरलं नाही. धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत नाव घालायचं तर आधी नाव हवं. ते नसल्यामुळे त्याची स्वतंत्र नोंद होऊ शकत नव्हती. त्याच काळात आपल्या लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रातला खुद्री महसीर देशभरच्या नद्यांत सोडला जात होता, तसा तो कावेरीतही सोडला गेला. हेतू चांगला होता, महसीर वाचवायचे होते. पण नदीत महसीर आहेत, भरपूर आहेत, असं दिसत असताना त्यांतला मूळचा मोठा महसीर भराभर कमी होत गेला. दोन्ही महसीरच म्हणून मोजले जात होते. 2018 मध्ये त्याची खरी ओळख टॉर रेमादेवी या नावाने पक्की झाली, तेव्हा तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर आलेला होता.

म्हणजे जवळच्या दोन जाती वेगळ्या ओळखता न येणं ही काही परीक्षेतल्या एका गुणाची चूक नव्हे. एक जीव आपल्या डोळ्यांसमोर निघून जातो आणि दुसरा तिथे आहे म्हणून आपल्याला कळतही नाही.

उत्तरायुष्य

इंग्लंडला गेल्यावर साइक्स 1833 मध्ये कर्नल म्हणून निवृत्त झाले. 1834 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये सांख्यिकी संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत ते होते आणि 1863 ते 1865 या काळात अध्यक्षही झाले. दख्खनच्या हवामानावर आणि जमीनधारणेवरही त्यांनी लिहिलं. 1840 मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक आणि 1856 मध्ये अध्यक्ष झाले. 1857 पासून ॲबर्डीन शहराचे खासदार होते, ते अखेरपर्यंत. 16 जून 1872 रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

एवढी मोठी पदं त्यांनी भूषवली, पण आज जगभर त्यांचं नाव घेतलं जातं ते आपल्या माळावरच्या एका लहानशा चंडोलामुळे.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

आपला शिरूर-दौंडचा परिसर वेगाने बदलतोय. माळ नांगरले गेले, प्लॉट पडले, कारखाने आले, नदीत बंधारे झाले, वाळू गेली. कोणता पक्षी गेला आणि कोणता राहिला, हे सांगायला दोघांतला फरक ओळखणारी मुलं हवीत. त्यासाठी काही सोपे उपक्रम :

1. जोडी उपक्रम : मुलांना एका वेळी दोनच सारखे जीव द्या. दोन सातभाई, दोन मुंग्या, दोन फुलपाखरं. तीन सारखेपणा आणि एक नक्की फरक लिहायला सांगा.

2. बांधावरची माशी : शेताच्या बांधावर काटकीच्या टोकाला बसून दुसरे किडे हवेत पकडणारी लांबट माशी दिसते. इंग्रजीत तिला लुटारू माशी म्हणतात. भिंगातून तीन खुणा पाहा. दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये खोलगट भाग, तोंडावर केसांची दाढी, आणि खाली टोकदार मजबूत सोंड. या तीन दिसल्या की ती लुटारू माशी. पण तिच्याही अनेक जाती आहेत. त्या वेगळ्या करायला पायांचा रंग, अंगावरचे राठ केस, पंखांवरच्या शिरा आणि नराच्या पोटाचं टोक पाहावं लागतं. वर्गात तेवढं जमलं नाही तरी चालेल. कुठपर्यंत ओळखता आलं ते प्रामाणिकपणे लिहायचं. हाताने मात्र पकडू नका, चावते.

3. नावांची वही : आजी-आजोबा, मेंढपाळ, मासेमारी करणारे काका-मामा यांना पक्ष्यांची आणि माशांची नावं विचारा. नाव, गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचं नावही लिहा. साइक्स यांच्या वहीत जे राहिलं ते आपल्या मुलांच्या वहीत राहू देऊ नका.

4. फोटोचा नियम : पालकांच्या मोबाईलवर फोटो काढायचा असेल तर एक बाजूने, एक समोरून आणि एक शेपटीचा काढा. एकाच फोटोवरून नाव ठरवायची घाई नको. मुसुल्लाची गोष्ट आठवा.

मुलांना विचारण्यासाठी प्रश्न

- लावा आणि दुर्लावा यांतला फरक ओळखायला काय मोजाल?
- मुंग्यांनी बिया उन्हात का ठेवल्या असतील?
- घोडनदीतल्या माशाचं नाव दुसऱ्या माशाला दिल्यामुळे कोणाचं नुकसान झालं?
- तुमच्या गावात एकसारखे दिसणारे पण वेगळे असणारे दोन पक्षी कोणते?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. ते मुलांना बाहेर जाऊनच आणावं लागेल. तुमच्या मुलांनी कोणत्या जोड्या शोधल्या ते अवश्य कळवा.